विष्णू दिगंबर पलुसकर

विष्णू दिगंबर पलुसकर (१८ ऑगस्ट १८७२, कुरुंदवाड – २१ ऑगस्ट १९३१, मिरज) हे ग्वाल्हेर घराण्याचे गायक, संगीतशिक्षक आणि गांधर्व महाविद्यालयाचे संस्थापक होते. ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी स्थापन केलेल्या या विद्यालयात वर्ग, वेळापत्रक, छापील पुस्तके, नेमलेला अभ्यासक्रम आणि परीक्षा यांच्या आधारे संगीत शिकवले जाई. गाणे शिकवणारी ही भारतातील पहिली शाळा होती, असे अनेकदा लिहिले जाते. ते बरोबर नाही. बडोद्यात मौलाबक्ष यांची गायनशाळा १८८६ पासून चालू होती. मात्र बडोद्याच्या शाळेमागे संस्थानचा खजिना होता. पलुसकरांचे विद्यालय लोकवर्गणी, विद्यार्थ्यांचे शुल्क आणि स्वतःच्या जलशांचे उत्पन्न यांवर उभे राहिले, आणि पुढे त्यांच्यावर ओढवलेल्या संकटाचे मूळही त्यातच होते.

बालपण

विष्णूंचे वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार होते. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस या गावावरून ते पलुसकर झाले. वडिलांच्या कीर्तनात साथ करताना गाण्याची ओळख झाली, परंतु मुलाने गायक व्हावे असा विचार घरात नव्हता. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाक्याची दारू चेहऱ्याजवळ उडून विष्णूंची दृष्टी अधू झाली आणि शाळेचे शिक्षण थांबले. उपचारांसाठी त्यांना मिरजेस डॉ. भडभडे यांच्याकडे नेण्यात आले. दृष्टी पूर्ववत झाली नाही. पण मुलाचा गळा चांगला असल्याने त्याला गाणे शिकवावे, असे डॉक्टरांनी सुचवले.

मिरजेतील शिक्षण

मिरज संस्थानच्या आश्रयाने बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांच्याकडे विष्णूंची तालीम सुरू झाली. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवणाऱ्या गायकांत बुवांचे स्थान अग्रगण्य आहे. त्यांच्याकडील शिक्षण जुन्या रीतीचे होते. शिष्याने गुरुगृही राहावे, पडेल ते काम करावे, बुवांचा रियाज कानांवर पडू द्यावा आणि बुवा देतील तेव्हा व देतील तेवढे घ्यावे. वेळ ठरलेली नसे, वही नसे, आणि आपण कुठवर आलो हे शिष्याला कळण्याचा मार्ग नसे. बुवांनी स्वतःची विद्याही अशाच खस्ता खाऊन मिळवली होती. विष्णू येथे १८९६ पर्यंत राहिले. त्यांची पुढची सर्व खटपट या वर्षांना दिलेले उत्तर म्हणून वाचता येते, मात्र ते उत्तर पूर्ण नकाराचे नव्हते. गुरुगृहातील शिस्त आणि सेवा त्यांनी आपल्या विद्यालयात जशीच्या तशी ठेवली. काढून टाकली ती फक्त अनिश्चितता.

मिरज सोडण्यामागचा एक प्रसंग त्यांच्या चरित्रांत सांगितला जातो. एका समारंभाचे निमंत्रण संस्थानचा आश्रित म्हणून विष्णूंना आले, पण त्यांच्या गुरूंना आले नाही. गवयाला प्रतिष्ठितांच्या पंक्तीत कसे बोलवायचे, असा त्यामागील विचार होता. ही गोष्ट शब्दशः खरी मानली नाही तरी तत्कालीन समाजात गायकाचे स्थान काय होते, हे तिच्यावरून स्पष्ट होते.

भ्रमंती

१८९६ नंतर पलुसकर बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली अशा ठिकाणी फिरले. सौराष्ट्रात त्यांनी दरबाराऐवजी सर्वसामान्यांसमोर, तिकीट लावून मैफल केली. मथुरेत त्यांनी ब्रजभाषेचा अभ्यास केला. ख्यालातील बहुतेक पदे त्याच भाषेत असल्याने गायकाला शब्दांचा अर्थ कळलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. १८९८ मध्ये ते लाहोरला पोहोचले.

गांधर्व महाविद्यालय व तेथील विद्यार्थी

विद्यालयात दोन प्रकारचे विद्यार्थी असत. पहिले शुल्क भरून ठरलेल्या वेळी येणारे. हे नोकरदार, वकील, व्यापारी अशा घरांतील होते. गाण्यावर पोट भरण्याचा त्यांचा विचार नव्हता. स्त्रियांसाठी वेगळे वर्ग होते. सभ्य घरातील मुलीने गाणे शिकणे संशयास्पद मानले जाण्याच्या त्या काळात पालक मुलींना तेथे पाठवत, याचे श्रेय पलुसकरांच्या गळ्याइतकेच त्यांच्या सोवळ्या वागणुकीला द्यावे लागेल.

दुसरा प्रकार उपदेशक वर्गाचा, आणि विद्यालयाचा प्राण तोच होता. या वर्गातील मुलांच्या राहण्याजेवणाची सोय विद्यालय करी. त्यांच्याकडून शुल्क घेतले जात नसे. त्याऐवजी नऊ वर्षे शिक्षण पूर्ण करण्याचा करार पालकांना लिहून द्यावा लागे. यातील बरीच मुले महाराष्ट्रातील गरीब ब्राह्मण कुटुंबांतून आलेली होती. मिरजेचे विनायकराव पटवर्धन १९०७ मध्ये लाहोरला गेले तेव्हा जेमतेम नऊ वर्षांचे होते. परक्या प्रांतात, अनोळखी भाषेत आणि पंजाबच्या थंडीत या मुलांचा दिवस पहाटेच्या रियाजाने सुरू होई. त्यानंतर प्रार्थना, वर्गातील शिक्षण आणि वाद्यांची देखभाल. विद्यालयाचा स्वतःचा छापखाना आणि वाद्ये तयार व दुरुस्त करण्याचा कारखाना होता. तेथील कामातही विद्यार्थ्यांचा हात असे. थोडी प्रगती झालेला मुलगा नवख्यांचे वर्ग घेऊ लागे. म्हणजे तो एकाच दिवशी विद्यार्थी, शिक्षक आणि कामगार असे. पलुसकर दौऱ्यावर निघाले की निवडक मुले तंबोऱ्यावर व गाण्यात साथीला जात, आणि जलशाचे उत्पन्न विद्यालयाच्या खर्चात जमा होई.

व्यसनांना पूर्ण बंदी होती. पोशाख, बोलणे, बसणे यांवर गुरूंची नजर असे आणि शिस्त कठोर होती. ती कधीकधी अतिरेकी झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. नऊ वर्षांचा करार मुलाच्या वतीने बापाने केलेला असे. गळा फुटला किंवा मन रमले नाही, तरी त्या मुलाची वाट मोकळी नव्हती. दुसऱ्या बाजूने पाहता, गाण्याची परंपरा नसलेल्या घरातील मुलाला दोन वेळचे जेवण आणि ग्वाल्हेरची तालीम एकत्र देणारी दुसरी जागा त्या काळी क्वचितच होती.

वर्गात एकाच वेळी अनेकांना शिकवल्याने मोठे गायक तयार होणार नाहीत, ही टीका तेव्हापासून होत आली. पलुसकरांना ती ठाऊक होती. शाळेतून तानसेन निघाले नाहीत तरी जाणता श्रोता निघेल, अशी त्यांची भूमिका सांगितली जाते. प्रत्यक्षात त्यांच्याकडून मोठे गायकही निघाले, पण ते दिवसातून तासभर येणाऱ्यांतून नव्हे, तर उपदेशक वर्गातून.

स्वरलेखन

पाठ पुस्तकातून द्यायचा तर गाणे कागदावर उतरवण्याची लिपी हवी. पलुसकरांनी स्वतःची स्वरलेखन पद्धती तयार केली आणि संगीत बालप्रकाश, रागप्रवेश यांसारखी क्रमिक पुस्तके तीत छापली. या पद्धतीत मंद्र सप्तकातील स्वराच्या डोक्यावर बिंदू, तार सप्तकातील स्वरावर उभी रेघ आणि कोमल स्वराला हलन्त चिन्ह असते. मात्रांच्या प्रत्येक मूल्यासाठी वेगळे चिन्ह आहे. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पद्धतीत बिंदू मंद्र स्वराच्या खाली आणि तार स्वराच्या वर येतो, कोमल स्वराखाली आडवी रेघ असते. भातखंडे लिपी वाचायला सोपी असल्याने तीच अधिक रूढ झाली. पलुसकरांची लिपी लयीचे बारकावे अधिक काटेकोरपणे नोंदवते, मात्र छापायला आणि शिकायला ती जड आहे.

मुंबई आणि लिलाव

१९०८ मध्ये पलुसकरांनी मुंबईत विद्यालय सुरू केले आणि लवकरच तेच मुख्य केंद्र बनले. भडोचहून आलेले ओंकारनाथ ठाकूर, कोल्हापूरचे शंकरराव व नारायणराव व्यास बंधू, बा. र. देवधर ही पुढची पिढी मुंबईत घडली. विद्यार्थ्यांची संख्या वाढल्यावर पलुसकरांनी कर्ज काढून मोठी इमारत बांधली. हप्ते फेडण्याचे साधन एकच, सततचे दौरे. याच काळात त्यांचे मन रामभक्तीकडे अधिकाधिक वळत गेले, जलशांची जागा रामायणाच्या प्रवचनांनी घेतली आणि उत्पन्न आटले. १९२४ मध्ये सावकारांनी कर्जवसुलीसाठी इमारतीचा लिलाव केला.

लखनौचे मॅरिस कॉलेज, जेथे भातखंड्यांची योजना साकार झाली, १९२६ मध्ये सरकार व धनिकांच्या पाठबळाने उभे राहिले. दोन वर्षे आधी बुडालेले विद्यालय एका गायकाच्या आवाजावर तारण ठेवलेले होते, हा फरक दोघांची तुलना करताना सहसा लक्षात घेतला जात नाही.

राष्ट्रीय चळवळ

पलुसकर काँग्रेसच्या अधिवेशनांत वंदे मातरम् गात. १९२३ च्या काकिनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी गायनाला हरकत घेतली, तरीही त्यांनी गीत पूर्ण केले. गांधीजींच्या साबरमती आश्रमात त्यांनी आपले शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांना पाठवले. खरे १९३० च्या दांडी यात्रेत सहभागी होते. पलुसकरांनी शृंगारिक पदांच्या जागी भक्तिपर शब्द योजले आणि संगीतशिक्षणाला धार्मिक वळण दिले. ज्या मुसलमान उस्तादांच्या घराण्यांतून ही विद्या आली, त्यांना या नव्या व्यवस्थेत जागा उरली नाही, असा आक्षेप अलीकडच्या अभ्यासकांनी घेतला आहे. तो निराधार म्हणता येत नाही. पलुसकरांच्या गुरुपरंपरेतही हद्दू खाँ यांचे नाव येतेच.

अखेरची वर्षे

लिलावानंतर पलुसकर नाशिकच्या पंचवटीतील रामनाम आधार आश्रमात राहिले. तेथे थोड्या शिष्यांना ते पुन्हा गुरुकुल पद्धतीने शिकवत. त्यांची अनेक अपत्ये अकाली वारली. १९२१ मध्ये जन्मलेले दत्तात्रेय हे वडिलांच्या निधनाच्या वेळी दहा वर्षांचे होते. त्यांचे पुढचे शिक्षण मुख्यतः विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांच्याकडे झाले. द. वि. पलुसकर या नावाने ते विख्यात गायक झाले आणि १९५५ मध्ये निधन पावले.

शिष्यांचे कार्य

पलुसकरांच्या निधनानंतर त्याच वर्षी, १९३१ मध्ये, शिष्यांनी अहमदाबाद येथे गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. १९३२ मध्ये पटवर्धनांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. ओंकारनाथ ठाकूर १९५० मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाच्या संगीत महाविद्यालयाचे प्रमुख झाले आणि उपदेशक वर्गात घडलेला एक विद्यार्थी विद्यापीठीय संगीतशिक्षणाच्या आरंभी उभा राहिला. मंडळाच्या प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार या परीक्षांना आजही देशभरातील विद्यार्थी बसतात. लेखी परीक्षेच्या तयारीत त्यांना भातखंडे आणि पलुसकर या दोन्ही लिपी शिकाव्या लागतात, आणि मंद्राचा बिंदू खाली की वर, हा गोंधळ अजूनही होतो. भारतीय टपाल खात्याने १९७३ मध्ये पलुसकरांचे तिकीट काढले.