मेंदूपुढे नम्र झालेला गणिती

संगणक हा विज्ञान शाखेचा विषय, आपला त्याच्याशी काय संबंध, असे आपल्या कला शाखेत पुष्कळांना वाटते. मला मात्र संगणकाच्या एका शिल्पकाराचे चरित्र एखाद्या शोकांतिकेइतके हृद्य वाटते. ते म्हणजे जॉन फॉन नॉयमान.

२८ डिसेंबर १९०३ रोजी बुडापेस्ट येथे एका सधन ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. स्मरणशक्ती लहानपणापासूनच अलौकिक. १९३३ साली ते अमेरिकेत प्रिन्स्टनच्या उच्च अध्ययन संस्थेत प्राध्यापक झाले. पुढे अणुबाँबच्या निर्मितीतही त्यांचे गणित कामी आले.

१९४३ साली मॅकलक व पिट्स या संशोधकांनी मज्जापेशीचे एक सोपे गणिती रूप मांडले: पेशी एक तर उद्दीपित होते, नाही तर होत नाही. १९४५ साली ‘एडव्हॅक’ या नियोजित संगणकाचा आराखडा लिहिताना नॉयमान यांनी याच कल्पनेचा आधार घेतला. यंत्राच्या भागांना त्यांनी ‘अवयव’ म्हटले आणि आज्ञा व आकडे एकाच ‘स्मृती’त ठेवण्याची योजना मांडली.

१९५५ साली त्यांना कर्करोग झाल्याचे कळले. येल विद्यापीठात संगणक आणि मेंदू या विषयावर व्याख्याने द्यायची होती. ती देता आली नाहीत. हस्तलिखित घेऊनच ते रुग्णालयात दाखल झाले. मज्जापेशी यंत्राहून कितीतरी मंद, तिची अचूकता जेमतेम दोन-तीन अंकांची. तरीही असंख्य पेशी एकाच वेळी राबत असल्याने मेंदूचे काम बिनबोभाट चालते, असे त्यांनी दाखवले. मेंदूची आंतरिक भाषा आपल्या गणिताची भाषा नसावी, या निष्कर्षापर्यंत ते आले. ज्याने आयुष्यभर गणिताची उपासना केली, त्याने हे लिहावे, यातच त्यांचा मोठेपणा मला दिसतो.

शेवटी ती तल्लख बुद्धीही क्षीण होत गेली. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी, वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ते अपुरे पुस्तक १९५८ साली पत्नी क्लारा यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले.

२०२४ साली कृत्रिम मज्जाजालांच्या पायाभूत संशोधनासाठी हॉपफील्ड व हिंटन यांना भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. यंत्रे आज भाषाही लिहितात. पण मेंदूची स्वतःची भाषा कोणती, हा नॉयमान यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. मित्रहो, भाषेचा प्रश्न म्हटल्यावर तो आपल्या शाखेचाही नव्हे काय?