दादासाहेब फाळके आणि बॅटरी नसलेला कॅमेरा

नाशिकमध्ये राहून जुने फिल्म कॅमेरे उघडायचा नाद लागला की दादासाहेब फाळक्यांचं नाव टळत नाही. ३० एप्रिल १८७० चा जन्म, गाव आपलं त्र्यंबकेश्वर. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, तिथे सेल्फी तुम्हीही काढली असेल. पण हा माणूस तंत्रज्ञ म्हणून किती पक्का होता, हे फारसं कुणी सांगत नाही.

जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, बडोद्याचं कलाभवन, मग फोटोग्राफी, छपाई, ब्लॉक बनवणं असं बरंच काही त्यांनी केलं. १९११ मध्ये मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि डोक्यात सिनेमा शिरला. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तिथे विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला छिद्रं पाडायचं यंत्र घेतलं. सामान मुंबईत आल्यावर सोबतच्या आकृत्या बघून दादरच्या घरी सगळं स्वतः जोडलं. ना कस्टमर केअर, ना यूट्यूब!

पुढची पायरी मला सगळ्यात आवडते. मोठ्या सिनेमाला हात घालण्याआधी त्यांनी शेजारच्या पोरांचं चित्रीकरण करून यंत्रणा तपासली. हे का गरजेचं होतं? या कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक असं काहीच नव्हतं. हँडल सेकंदाला साधारण दोनदा फिरवायचं, म्हणजे १६ फ्रेम. हात मंदावला की पडद्यावर माणसं पळायला लागतात. चित्र थरथरलं तर दोष तिघांपैकी कुणाचाही: छिद्रं, कॅमेरा किंवा प्रोजेक्टर. अशा वेळी नीट चालणारी दुसरी फिल्म प्रोजेक्टरवर लावायची. ती स्थिर दिसली की प्रोजेक्टर सुटला.

बॅटरीवाल्या जुन्या कॅमेऱ्यातही मी असाच एकेक भाग वगळत जातो. मीटरची सुई हलत नाही? आधी मल्टिमीटरने सेलचा व्होल्टेज, मग पट्ट्यांवरचा हिरवा थर, मग वायर. सुई हलते पण चुकीचं दाखवते? काही जुने मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेले असतात, आजचा अल्कलाइन सेल १.५ व्होल्ट देतो. (फ्लॅशवाला कॅमेरा मात्र घरी उघडू नका. सेल काढल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट राहू शकतात.)

फाळक्यांकडचं छिद्रं पाडायचं आणि फिल्म धुवायचं काम सरस्वतीबाई शिकल्या. हँडल फिरवणाऱ्याचंच नाव होतं, पण छिद्रं चुकली असती तर सगळंच वाया. भांडवलदाराला पटवायला दादासाहेबांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ ठरावीक वेळाने एकेक फ्रेम घेऊन टिपली. तुमच्या फोनमधला टाइमलॅप्स तोच. त्यातून पैसे उभे राहिले आणि ३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला. त्याच वर्षी बिऱ्हाड नाशिकला आलं, पुढचे चित्रपट इथे झाले.

१९३१ मध्ये बोलपट आला आणि त्यांचं मूकपटांचं जग मागे पडलं. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट, बोलपटच. १६ फेब्रुवारी १९४४ ला ते नाशिकमध्येच वारले.