कुंडीतील वाटाणा

१९१३ सालच्या ३ मे रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला व त्या दिवसाशी दादासाहेब फाळके यांचे नाव कायमचे जोडले गेले. ते योग्यच झाले. तथापि त्यांच्या कार्याची खरी कसोटी त्याच्या आदल्याच वर्षी, घरातील एका कुंडीपाशी लागली होती, असे आम्हांस वाटते.

त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय व बडोद्याचे कलाभवन येथे शिक्षण घेतले, गोध्र्यास छायाचित्रणाचा धंदा मांडला, प्लेगमध्ये पत्नी व मूल गमावले, पुरातत्त्व खात्यात चाकरी केली आणि पुढे छापखाना काढून भागीदारांशी न पटल्याने तोही सोडला. असा हा चाळिशी उलटलेला बेकार गृहस्थ १९११ साली गिरगावात ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहतो काय आणि त्या नादात डोळ्यांवर ताण देऊन काही काळ दृष्टीही गमावतो काय! आप्तेष्टांनी त्यास वेड्यात काढले असल्यास नवल नाही. उपचारांनी दृष्टी परत आली. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले व विल्यमसन कॅमेरा खरेदी करून परतले.

कॅमेरा आला, पण भांडवल कोठून यावे? सावकारास तारण लागते, आणि फाळक्यांजवळ तारण म्हणून उरली होती ती केवळ कल्पना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा पक्का रोवला व ठराविक अंतराने एकेक चित्र घेण्यास प्रारंभ केला. हे काम दिसते तितके सोपे नव्हे. कॅमेरा केसभर सरकला तर पडद्यावर रोप उडी मारते. प्रकाश कमीअधिक झाला तर चित्र लुकलुकते. आणि चूक झाल्याचे कळते ते फिल्म धुतल्यावर, म्हणजे रोप वाढून चुकल्यावर. रोज एक याप्रमाणे महिनाभर चित्रे घेतली, असे सांगण्याचा प्रघात आहे. आम्ही सहज हिशेब केला. मूकपटाच्या काळी सेकंदास सुमारे सोळा चित्रे सरकत. मग तीस चित्रांचा खेळ दोन सेकंदांतच आटोपला असता! अर्थात चित्रे याहून पुष्कळच अधिक घेतली असली पाहिजेत, व त्या मानाने माणसाची चिकाटीही अधिक धरली पाहिजे.

आज उमलत्या फुलाची हजारो सुस्पष्ट स्थिरचित्रे संगणक काही मिनिटांत एकामागे एक गुंफून सेकंदास चोवीस-पंचवीस या वेगाने चालती करतो. परंतु कॅमेरा हलू न देणे व उजेड सांभाळणे यांतून आजच्या हौशी छायाचित्रकाराचीही सुटका झालेली नाही.

वाटाण्याला मोड फुटून त्याचा वेल झालेला पाहणाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि पैशाची वाट मोकळी झाली. तरीही सरस्वतीबाईंचे दागिने गेलेच. या माउलीविषयी आमच्याकडे फार थोडे लिहिले जाते. कोऱ्या फिल्मला कडेची भोके नसत. ती रात्री अंधारात पाडण्याचे काम त्यांचे होते. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३,७०० फूट, फुटास सोळा चित्रे, म्हणजे एकोणसाठ हजारांवर चित्रे, आणि प्रत्येक चित्रास दोन्ही कडांना चार चार भोके. शिवाय दिवसा घरच्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडेच होता.

स्थिर वस्तूंस चालविण्याचा हा छंद दादासाहेबांनी पुढेही सोडला नाही. ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी काड्यापेटीतील काड्या नाचविल्या. मग कंपन्या झाल्या, मोडल्या. बोलपट आला व त्यांचा काळ मागे पडला. १९३७ साली ‘गंगावतरण’ पुरे करून ते निवृत्त झाले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकास वारले. त्यांच्या नावे सरकारने १९६९ पासून चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च पुरस्कार ठेविला. वाटाण्याची ती फिल्म मात्र आज पाहावयास मिळत नाही.