कलम १७५ आणि डॉ. हिर्शफेल्ड

पुरुषांमधील समलिंगी संबंध जर्मन दंडसंहितेच्या १७५व्या कलमान्वये गुन्हा ठरत. हे कलम रद्द व्हावे म्हणून डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड यांनी १८९७ साली बर्लिनमध्ये समिती स्थापून राइशस्टाग या विधिमंडळाकडे अर्ज केला. पेशाने ते वैद्य. विज्ञानाने सत्य सिद्ध केले की कायदा आपोआप बदलेल, ही त्यांची श्रद्धा काहीशी भाबडीच म्हटली पाहिजे. १८९८ मध्ये समाजवादी नेते ऑगस्ट बेबेल यांनी सभागृहात त्यांची बाजू मांडली. सभागृह बधले नाही. तरीही सह्या गोळा होतच राहिल्या. त्यांत आइन्स्टाइन यांचीही होती. अखेर १६ ऑक्टोबर १९२९ रोजी संसदीय समितीने १५ विरुद्ध १३ मतांनी कलम वगळण्याचा कौल दिला. परंतु समितीचा कौल म्हणजे कायदा नव्हे! पूर्ण सभागृहापुढे तो मसुदा मंजुरीस आलाच नाही. आधी मंदी आली, मागोमाग नाझी आले. मे १९३३ मध्ये या ज्यू वैद्याच्या संस्थेतील ग्रंथांची होळी झाली. ते त्या वेळी परदेशी होते. १४ मे १९३५ रोजी, ऐन ६७व्या वाढदिवशी, फ्रान्समधील नीस येथे त्यांचे निधन झाले. पुढच्याच महिन्यात नाझी सरकारने तेच कलम अधिक कठोर केले. जर्मन कायद्यातून ते संपूर्णपणे गेले १९९४ साली.