नालवाडीचे विनोबा आणि महारोग्यांची सेवा

वारीत कोणाच्या पायाला फोड येतो, कोणाला उलट्या लागतात. टाळ-मृदंग पुढे जातो आणि एखादा सेवेकरी त्या माणसाजवळ मागे थांबतो. असे मागे थांबणाऱ्यांचे एक पथक आपल्या नालवाडीत उभे राहिले होते. ते उभे करणारे आचार्य विनोबा भावे. शतकी अंकात त्यांचे चरित्र हवेच, म्हणून थोडक्यात लिहितो.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा जिल्ह्यातल्या गागोद्याचा. पाळण्यातले नाव विनायक, आई विन्या म्हणायची. संतांची गोडी तिच्यापासूनच लागली. १९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ आली, घरोघर माणसे गेली, त्यातच बडोद्याला ही माउलीही गेली. तोवर मुलगा गांधीजींच्या आश्रमात दाखल झाला होता. १९२१ मध्ये गांधीजींनी त्याला वर्ध्याचा आश्रम चालवायला पाठवले, आणि विनोबा आपल्या जिल्ह्याचे झाले ते कायमचे.

१९३२ च्या अखेरीस ते नालवाडीला राहायला आले. आज नालवाडी वर्धा शहराला चिकटली आहे, पण तेव्हा ते लहानसे खेडे होते आणि बहुतेक घरे अस्पृश्य मानलेल्या समाजाची. तेच पाहून विनोबांनी ही जागा धरली. सूत कातून जी मजुरी मिळेल तेवढ्यातच पोट भरायचे, हा त्यांचा हट्ट. शरीर पार खंगले, पण टकळी सुटली नाही. १९३४ मध्ये ग्रामसेवा मंडळ निघाले. कार्यकर्ते आसपासच्या खेड्यांत जायचे, लोकांची विचारपूस करायचे.

या फिरण्यातच महारोगी दिसू लागले. पूर, भूकंप आला की सगळे धावतात, पण महारोग हे असे संकट की ज्याच्यावर येई त्याच्यापासून घरचेच लांब पळत. कोणी गावाबाहेर झोपडीत, कोणी रस्त्यावर. औषध म्हणजे कडू कवठाचे तेल, त्याचाही भरवसा नाही. गुणकारी गोळ्या पुढे कितीतरी वर्षांनी आल्या. विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांना हे पाहवेना. त्यांनी ठरवले, आता हेच काम.

पण मनोहरजींची आई त्यांच्याजवळच राहायची. तिच्या पोटात गोळा उठला. पोराला रोग लागला तर? ती विनोबांकडे आली. त्यांनी एक शब्द टाकला असता तर मनोहरजी कदाचित थांबलेही असते. विनोबांनी उपदेश केला नाही. एवढेच विचारले की उद्या हा रोग तुम्हालाच झाला, तर मनोहरने तुमची सेवा करावी की नाही? बाई विचारात पडली. मग तिने मुलाला आशीर्वाद दिला. आम्हाला विचाराल तर या सगळ्या कथेत मोठी ती आई. आपण चार दिवस सेवेला जातो तर घरी किती विनवण्या कराव्या लागतात, ते आठवून पाहा.

१९३६ मध्ये नालवाडीशेजारी दत्तपूरला कुष्ठधाम सुरू झाले. मनोहरजींनी स्वतःच्या हातांनी जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या, मेलेल्यांना मातीही दिली. सारे आयुष्य त्यातच घातले.

विनोबांची तब्येत ढासळली म्हणून १९३८ मध्ये ते धाम नदीकाठी पवनारला गेले. तुरुंगवास झाले. १९४६ पासून ते रोज खांद्यावर फावडे घेऊन सुरगावला चालत जायचे आणि मैला साफ करायचे. पाऊस असो, थंडी असो. एकदा नाला दुथडी भरून वाहत होता, पलीकडे जाता येईना. तेव्हा काठावरूनच त्यांनी पलीकडच्या माणसाला निरोप दिला, देवळात जाऊन देवाला सांग की गावचा सफाईवाला येऊन गेला, नाल्याने अडवले. हजेरी कोणाला द्यायची हे त्यांना पक्के ठाऊक होते.

गांधीजी गेले आणि १९४८ मध्ये विनोबा दिल्लीकडे निर्वासितांच्या छावण्यांत गेले. मेवातच्या उखडलेल्या मेव मुसलमानांना परत वसवण्यासाठीही ते सोबत्यांसह गावोगाव हिंडले. तिथे एक चटका बसला. पंजाबात दलित निर्वासितांना जमीन द्यायचे कबूल झाले होते, ते मोडले गेले. अन्न-कपडा वाटता येतो हो, पण पायाखाली जमीन नसेल तर माणूस उभा कसा राहणार? हा प्रश्न त्यांनी मनात ठेवला. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणात पोचमपल्लीच्या भूमिहीनांनी ८० एकर मागितली आणि एका जमीनदाराने १०० एकर देऊ केली, तेव्हा भूदान सुरू झाले. पुढे तेरा वर्षे विनोबा चालतच राहिले.

मे १९५८ मध्ये ही पदयात्रा पंढरपूरला पोचली. त्यांच्या तुकडीत मुसलमान, ख्रिस्ती, सगळे. जगन्नाथपुरीला १९५५ मध्ये सोबत परदेशी बाई होती म्हणून मंदिरात जाता आले नव्हते, तेव्हा विनोबाही दारातूनच परतले होते. त्याआधी १९५३ मध्ये बैजनाथधामला हरिजनांसह गेले तर मार खावा लागला. पंढरीत मात्र सर्वांना बरोबर घेऊन ते विठोबाच्या पायाशी गेले. डोळ्यांतले पाणी थांबत नव्हते.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारला त्यांनी देह ठेवला.