तळघरातून दर्यावर

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील कोंकार्नो बंदरापासून सुमारे १८ किलोमीटरवर, भर समुद्रात खडकाळ बेटांचा एक पुंजका आहे. ग्लेनां हे त्याचे नाव. एका बेटावर दीपगृह, दुसऱ्यावर अठराव्या शतकातला किल्ला, बाकी पांढरी वाळू, खुरटे गवत आणि अखंड वारा. गोड्या पाण्याची तर कायमचीच टंचाई. १९४७ च्या उन्हाळ्यात तिशीतले एक दाम्पत्य काही तरुण-तरुणींना घेऊन येथे आले आणि त्यांनी तंबू ठोकले. फिलिप व्हियाने आणि एलेन व्हियाने. आज युरोपातील सर्वांत नामवंत नौकानयन शाळांत गणल्या जाणाऱ्या 'ग्लेनां' संस्थेचा जन्म त्या तंबूंत झाला.

सहल हा त्या शिबिराचा हेतू नव्हता. जमलेल्यांपैकी अनेक जण जर्मन कब्जाविरुद्धच्या भूमिगत लढ्यातून बाहेर पडलेले होते, काही छळछावण्यांतून परतले होते. ऐन विशीत मृत्यूशी गाठ पडलेल्या या पिढीला शांततेच्या काळात काय करायचे हेच उमगत नव्हते. व्हियाने यांची स्वतःची अवस्थाही फार वेगळी नव्हती.

फिलिप व्हियाने यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१७ चा, आग्नेय फ्रान्समधील इझेर जिल्ह्यातला. घर परंपरानिष्ठ कॅथलिक. धर्मगुरू होण्यासाठी ते काही काळ धर्मशाळेतही राहिले. मात्र तो मार्ग सोडून सोर्बॉन विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकू लागले. १९४० मध्ये फ्रान्सचा पराभव झाला आणि पॅरिसमध्ये जर्मन सैन्य आले. त्याच सुमारास विद्यापीठाच्या भूगोल विभागात त्यांची एलेन मोर्दकोविच या तरुणीशी ओळख झाली. एलेन रशियातून आलेल्या निर्वासित कुटुंबातल्या. विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करीत असल्याने इमारतीच्या किल्ल्या त्यांच्याकडे असत, ही गोष्ट पुढे फार मोलाची ठरली.

मित्र रोबेर साल्मों आणि एलेन यांच्यासह व्हियाने यांनी १९४१ मध्ये 'देफांस द ला फ्रान्स' हे गुप्त वृत्तपत्र सुरू केले. पहिल्या अंकावर तारीख होती १४ जुलै, फ्रान्सचा राष्ट्रीय दिन. छपाईचे यंत्र काही काळ चक्क सोर्बॉनच्या तळघरात दडवलेले होते. वर वर्ग भरत, खाली अंक छापले जात. १४ जुलै १९४३ रोजी या गटातील तरुणांनी पॅरिसच्या मेट्रोत भरदिवसा प्रवाशांना अंक वाटण्याचे धाडस केले. त्याची किंमत लगेच मोजावी लागली. सहाच दिवसांनी एका पुस्तकाच्या दुकानावर छापा पडला आणि अनेक कार्यकर्ते पकडले गेले. जनरल द गॉल यांची पुतणी जनव्हिएव्ह त्यांत होती. तिची रवानगी पुढे राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत झाली. तरीही अंक थांबला नाही. जानेवारी १९४४ मध्ये त्याचा खप साडेचार लाखांवर पोहोचला. फ्रान्समधल्या कोणत्याही गुप्तपत्राने एवढा आकडा गाठला नव्हता.

व्हियाने यांच्या चरित्रातील एक अवघड पान मात्र उलटून पुढे जाता येत नाही. जर्मनांशी सहकार्य करणाऱ्या मार्शल पेतां यांच्यावर त्यांनी सुरुवातीला विश्वास ठेवला होता. वृद्ध मार्शल वरकरणी शत्रूशी गोड बोलून आतून प्रतिकाराची तयारी करीत आहेत, असा त्यांचा समज होता आणि तो त्यांच्या पत्रातही उमटत होता. नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मन फौजा दक्षिण फ्रान्समध्येही शिरल्या तेव्हा हा भ्रम संपला. पुढच्या वर्षी ते द गॉल यांच्या बाजूला आले. पहिल्या महायुद्धातील विजयी सेनानीवर भाबडा भरवसा ठेवणारे ते एकटे नव्हते. पण मोठ्या माणसाच्या हाती सुकाणू देऊन निर्धास्त होण्यातला धोका त्यांच्याइतका जवळून फार थोड्यांनी पाहिला असेल. १९४४ मध्ये त्यांनी पॅरिसच्या उत्तरेकडील सशस्त्र तुकड्यांचे नेतृत्व केले, त्यात ते जखमीही झाले.

देश मुक्त झाल्यावर त्यांचे गुप्तपत्र उजेडात आले, त्याचे 'फ्रान्स-स्वार' झाले आणि पुढे ते लाखोंच्या खपाचे सायंदैनिक बनले. परंतु तोवर ते व्हियाने यांच्या हातून निसटले होते. तळघरात जन्मलेल्या पत्राचे हे रूप त्यांच्या मनातले नव्हतेच. १९४६ मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये पत्रकार घडविणारी शाळा उभारण्यात पुढाकार घेतला. तिने पुढे फ्रेंच पत्रकारितेला अनेक मोठी नावे दिली. दुसऱ्याच वर्षी ते ग्लेनां बेटांवर होते.

आरंभीची कल्पना तरुणांनी एकत्र राहावे, विसावा घ्यावा, चर्चा कराव्यात अशी होती. पण बेटांवर समुद्राखेरीज दुसरा शिक्षक नव्हता. पाणी, लाकूड, धान्य, सारे होडीने आणावे लागे. होडी चालवायची तर वारा आणि भरती-ओहोटी समजून घेणे भागच होते. उधाणाच्या दिवसांत या किनाऱ्यावर पाणी सुमारे ५ मीटर चढते-उतरते. सकाळी ज्या खडकावरून नौका सहज गेली, तोच खडक दुपारी दात काढून उभा असतो. हळूहळू चर्चा मागे पडल्या आणि शिडे पुढे आली.

या शाळेची रीत मुळापासून निराळी होती. पगारी खलाशी नाही, आचारी नाही, नोकर नाही. शिकवणारे स्वयंसेवक, बहुतेक आदल्या वर्षांचे शिकाऊ. मुले-मुली एकत्र शिकत. त्या काळच्या फ्रान्समध्येही भुवया उंचावणारी ही गोष्ट होती. छोट्या होड्यांवर हात बसला की केबिन असलेल्या, तळाला जड कणा असलेल्या मोठ्या नौकांवर पाठवणी होई. पाच-सहा शिकाऊ आणि एक नौकाप्रमुख आठवडा-दोन आठवडे नौकेवरच राहत. तिथेच स्वयंपाक, तिथेच झोप आणि ओले कपडे वाळवण्याची तिथेच पंचाईत.

शिकाऊंपैकी रोज एक जण नौकेचा नायक. नकाशावर मार्ग आखणे, भरतीची वेळ आणि प्रवाहाची दिशा यांचा हिशेब करणे, वारा वाढला तर शीड केव्हा आखडायचे ते सांगणे, नांगर टाकायची जागा निवडणे, हे सारे त्याच्या माथी. दुसऱ्या दिवशी तोच बटाटे सोलायला. नौकाप्रमुख शक्यतो बोलत नसे. चूक अंगाशी येण्याच्या बेताची झाली तरच हात घाली. नवख्याच्या हाती सुकाणू असताना शेजारी गप्प बसून राहण्याची कला नौका चालविण्याहूनही कठीण असावी. पेतां प्रकरणात पोळलेल्या माणसाच्या शाळेत आज्ञा देणे आणि पाळणे या दोन्हींची पाळी प्रत्येकावर यावी, हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

नौकानयन तेव्हा धनिकांचा छंद होता. तो सामान्य घरातल्या मुलांच्या आवाक्यात यायचा तर स्वस्त होडी हवी होती. व्हियाने यांच्या आग्रहावरून ज्यां-जाक एर्ब्युलो यांनी प्लायवुडची 'व्होरियां' ही लहान होडी आखली. १९५२ मध्ये ती लोकांपुढे आली तेव्हा दोन सायकलींच्या किमतीत होडी अशी तिची ख्याती झाली. तिच्या हजारो प्रती निघाल्या. एर्ब्युलो यांनीच आखलेली, छोट्या केबिनची 'मुस्केतेर' पुढे ग्लेनांच्या ताफ्यात आली. १९६० च्या दशकाच्या आरंभी शाळेचा नौकानयनाचा जाडजूड पाठ्यग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यावर लेखक म्हणून नाव होते संस्थेचे. त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या, इंग्रजीतही तो गेला. १९६४ मध्ये एरिक ताबार्ली यांनी एकट्याने अटलांटिक पार करण्याची शर्यत जिंकली आणि फ्रान्सला शिडांचे वेड लागले. त्या वेळी शिकवणारी माणसे, होड्या आणि पुस्तक ग्लेनांपाशी तयार होते. १९६९ मध्ये आयर्लंडमध्येही तळ उघडला.

यातले श्रेय वाटताना एलेन यांचे नाव बहुधा मागे राहते. फिलिप यांचे मन नव्या कल्पनांकडे धावे. राजकारण, पत्रकारिता, साप्ताहिके असे त्यांचे अनेक व्याप होते. ग्लेनांचा रोजचा कारभार सुमारे पंचवीस वर्षे एलेन यांनी वाहिला. नौकांची डागडुजी, स्वयंसेवकांची जमवाजमव, पैशांची ओढाताण हे सारे त्यांच्याकडे होते. संस्था नफ्याविना चालणारी, सभासदांच्या मालकीची राहिली. त्यामुळे 'फ्रान्स-स्वार'प्रमाणे ती कुणाच्या खिशात गेली नाही.

फिलिप व्हियाने यांचे २७ नोव्हेंबर १९८६ रोजी निधन झाले. त्यांच्या आठवणींचे पुस्तक दोन वर्षांनी प्रसिद्ध झाले. एलेन त्यांच्यामागे वीस वर्षे जगल्या आणि २००६ च्या डिसेंबरात गेल्या. तोवर ग्लेनांचे तळ ब्रिटनीतील पँपोलपासून कोर्सिकातील बोनिफासिओपर्यंत पसरले होते. बेटांवर पाणी मात्र अजूनही जपूनच वापरावे लागते आणि भांडी घासण्याची पाळी कुणालाही चुकत नाही.