मुंग्या गोळा करणारे जंगलसाहेब : रॉटन यांचं काम आपल्या खानदेशापर्यंत आलं ते असं

धूलकोट (जि. बुऱ्हाणपूर) : जंगलखात्याचा साहेब म्हटलं की आपल्या भागात सागवान, नाका आणि दंडाची पावती डोळ्यांसमोर येते. पण इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात एक साहेब असे होऊन गेले, की झाडांइतकंच त्यांचं लक्ष झाडाखालच्या मुंग्या-विंचवांवर असायचं. नाव रॉबर्ट चार्ल्स रॉटन.

जन्म १८४९ चा, राजस्थानातल्या नसीराबादचा. वडील लष्करात. डिसेंबर १८७१ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या वनखात्यात लागले आणि १९०४ मध्ये निवृत्त झाले. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली, तिचे ते सभासद. बाकीच्या साहेबलोकांना वाघ-बिबट्याची हौस. यांनी मात्र मुंगी धरली.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. दगड उलटायचे, कुजकं लाकूड फोडायचं, मुंग्या स्पिरिटच्या बाटलीत घालायच्या आणि गाव-तारखेची चिठ्ठी लावायची. मग बोटीने माल युरोपात. स्वित्झर्लंडमध्ये ऑगस्ट फोरेल नावाचे डॉक्टर होते. पेशाने मनोविकारतज्ज्ञ, पण मुंग्यांचे जगातले मोठे जाणकार. रॉटन यांनी पाठवलेल्या मुंग्यांत फोरेल यांना विज्ञानाला नवीन असलेल्या जाती सापडत गेल्या. पुण्याच्या एका चिमुकल्या मुंगीला त्यांनी १८९० मध्ये रॉटन यांचंच नाव दिलं. आज ती कार्डिओकॉन्डायला रॉटनी म्हणून ओळखली जाते. एरवी नरमुंगीला पंख असतात, पण हिच्यात बिनपंखाचे नरही असतात आणि ते आपसात जीव जाईपर्यंत भांडतात. जगभरचे अभ्यासक अजूनही या जातीवर काम करतात.

१८९२ मध्ये रॉटन यांनी सोसायटीच्या नियतकालिकात आपल्याकडच्या मुंग्यांवर लेख लिहिले. पुढे ते विंचवांकडे वळले. त्यातून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले पोकॉक यांच्याशी संबंध जुळला. १८९९ मध्ये पोकॉक यांनी इंगळीच्या एका जातीला रॉटन यांचं नाव दिलं.

निवृत्तीनंतर इंग्लंडला गेले, पण स्वस्थ बसले नाहीत. ब्रिटिश म्युझियममध्ये बसून भारतातल्या सस्तन प्राण्यांचा अभ्यास सुरू केला. १९११ मध्ये सोसायटीने देशभर प्राण्यांची मोजदाद हाती घेतली, त्यामागे रॉटन होते. आपल्या वाचकांसाठी खास गोष्ट म्हणजे या पाहणीचा पहिला अहवाल खानदेशचा आणि दुसरा वऱ्हाडचा. म्हणजे बुऱ्हाणपूरच्या दोन्ही शेजाऱ्यांपासून सुरुवात झाली. खानदेशात क्रम्प नावाच्या माणसाने नमुने गोळा केले, अहवाल रॉटन यांनी लिहिला.

याच पाहणीच्या काळात बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत एक वटवाघूळ मिळालं. १९१३ मध्ये त्यालाही रॉटन यांचं नाव मिळालं. कित्येक वर्षं ते जगात फक्त या एकाच गुहेत असल्याचं मानलं जायचं. नंतर मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. १९२१ मध्ये रॉटन वारले.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. ज्या खात्यात त्यांनी नोकरी केली, त्याच खात्याने १८७८ च्या कायद्याने जंगलात राहणाऱ्यांचे हक्क आवळले. त्या काळच्या कागदांत नमुना पाठवणाऱ्या साहेबाचं नाव असतं, वाट दाखवणाऱ्याचं क्वचितच. दगडाखाली कुठली मुंगी कधी निघते हे कोरकू-भिलांना आधीपासून ठाऊक असणार. फक्त ते कुणी लिहून घेतलं नाही.

म्हणून आता आपली पाळी आहे. मातीतले बारीक जीव पालापाचोळा कुजवतात, जमीन भुसभुशीत करतात, त्यावर आपली कपाशी नि केळी उभी राहते. बांध पेटवला, फवारा मारला की आधी जातात ते हेच. नाव मिळण्याआधीच एखादी जात गेली, तर गेल्याचं कळणारसुद्धा नाही. बुऱ्हाणपूर, खंडवा, जळगावच्या कॉलेजांत प्राणिशास्त्र शिकणाऱ्या पोरांनी सुरुवात आपल्या शेतापासून करावी. राखीव जंगलात जायचं तर रीतसर परवानगी घ्यावी. खर्च फार नाही. एक बाटली, थोडं स्पिरिट आणि गावाचं नाव व तारीख लिहिलेली चिठ्ठी. या वेळी चिठ्ठीवर शोधणाऱ्याचं नावही आपल्याच गावचं असू द्या.